ब्रिटिश शाळेतून भारतात परतता येत नाही?

"दुबईत ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत घातलं की भारतातलं मेडिकल विसरा," असं मराठी पालक एकमेकांना वर्षानुवर्षं सांगत आलेत. हे खरं नाही. अटी पूर्ण असतील तर भारतीय विद्यापीठ संघ ए लेव्हलला, म्हणजे ब्रिटिश शाळेतल्या शेवटच्या दोन वर्षांच्या परीक्षेला, बारावीची समकक्षता देतो.

खरी मेख विषयनिवडीत आहे. बहुतेक मुलं ए लेव्हलला ३च विषय घेतात. मेडिकलची 'नीट' ही प्रवेश परीक्षा द्यायची तर फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घ्या. फिजिक्सऐवजी सायकॉलॉजी घेतलं की गाडी अडते. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा स्विमिंग पूल नंतर बघा. आधी विचारा, इयर १३ पर्यंत, म्हणजे ए लेव्हलच्या शेवटच्या वर्षापर्यंत, वर्ग आहेत का? काही शाळा त्याआधीच संपतात. आणि हे तिन्ही विषय एकत्र घेता येतात, की त्यांचे तास एकाच वेळी येतात?