घर कारखान्यात, कसब सांध्यात

युरोपातल्या मध्ययुगीन लाकडी घरांच्या तुळयांवर आजही रोमन आकडे कोरलेले दिसतात. सुतार अख्खा सांगाडा आधी आपल्या आवारात जुळवून बघत, सांध्यांवर पटाशीने खुणा करत आणि मग तो सोडवून बांधकामाच्या जागी नेत. रोमन आकडेच का, तर सरळ रेघा पटाशीने झटकन उठतात. घर एकीकडे घडवून दुसरीकडे उभं करण्याची रीत इतकी जुनी आहे. त्यामुळे ‘कारखान्यात घरं बनू लागली की कारागिरी संपली’ हे मला पटत नाही. तिची खरी परीक्षा तेव्हाही सांध्यावर होती, आजही तिथेच आहे.

ती परीक्षा हुकली की काय होतं, ते लंडनच्या रोनन पॉइंटने दाखवलं. कारखान्यात ओतून आणलेल्या काँक्रीट पॅनेलांची, म्हणजे तयार भिंती-फरश्यांची, ही २२ मजली इमारत. १६ मे १९६८ रोजी अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भिंत बाहेर ढकलली गेली आणि इमारतीचा तो कोपरा पत्त्यांसारखा कोसळला. चार माणसं गेली. पॅनेलं भक्कम होती, पण त्यांना एकमेकांशी धरून ठेवणारी जोडणी कमकुवत होती. १९८६ मध्ये इमारत उतरवली, तेव्हा काही सांध्यांत काँक्रीटऐवजी वर्तमानपत्रांचे बोळे निघाले. हे वाचल्यापासून कुठलीही पॅनेलची इमारत दिसली, की माझी नजर आधी फटींकडे जाते.

याउलट कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या ब्रॉक कॉमन्स या १८ मजली वसतिगृहाचं काम बघा. जिन्या-लिफ्टचे गाभे काँक्रीटचे, पण वरच्या मजल्यांचे खांब आणि फरश्या लाकडाच्या थरांच्या, कारखान्यात कापून आणलेल्या. हा लाकडी सांगाडा ७० दिवसांच्या आत उभा राहिला. त्याआधी दोन मजल्यांचा पूर्ण आकाराचा नमुना बांधून सांधे तपासले होते, अगदी त्या जुन्या सुतारांसारखे!

ऊर्जेची बचतही सांध्यावरच ठरते. अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घरांसाठीच्या पॅसिव्ह हाउस मानकानुसार, चाचणीत आतल्या-बाहेरच्या हवेच्या दाबात ५० पास्कलचा फरक ठेवला, तर तासाभरात घरात मावणाऱ्या हवेच्या ०.६ पटीहून जास्त हवा फटींतून गळता कामा नये. पॅनेल आतून हवाबंद असतं. हवा गळते ती दोन पॅनेलांमधून. तिथली पट्टी नीट चिकटवणाऱ्या हातांवर पुढच्या कित्येक वर्षांचं वीजबिल अवलंबून असतं.

आणि सांधा उघडता आला पाहिजे. ओतलेलं काँक्रीट फोडावं लागतं, बोल्ट उलटा फिरवता येतो. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली लोखंड-काचेच्या सुट्या भागांतून उभारलेला क्रिस्टल पॅलेस पुढच्याच वर्षी उतरवायला घेतला. १८५४ मध्ये तो सिडनहॅमला पुन्हा उभा होता, पहिल्यापेक्षा मोठा.