नांगर थांबला, की मातीत काय घडतं?

बांधावरच्या गवताखालचं एक वाळलेलं ढेकूळ घ्या आणि दरवर्षी नांगरल्या जाणाऱ्या रानातलं दुसरं. दोन्ही पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. बांधावरचं ढेकूळ बराच वेळ तग धरतं. रानातलं बघता बघता ढासळतं आणि तळाला गाळ बसतो. माती तीच, गाव तेच. बांधावर बुरशीचे तंतू, जिवाणूंचा चिकट स्राव आणि बारीक मुळ्या कणांना धरून असतात. रानात फाळानं ही बांधणी दरवर्षी मोडलेली असते. कणांच्या आत दडलेला सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या झाडपाल्यातला कार्बन) मग उघडा पडतो, जिवाणू तो खातात आणि बराचसा कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो. या खाण्यात मोकळं झालेलं नत्र पिकाला मिळतं, म्हणून नांगरटीनंतर पीक जोमात दिसतं. पण ते मुद्दलातून आलेलं असतं.

कोल्हापूरच्या ऊसकऱ्याला हे अगदीच परकं नाही. खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतूनच पुन्हा फुटलेलं पीक, ही एका हंगामाची विनानांगरणी शेतीच. बुडखे जमिनीलगत छाटायचे, पाचट (उसाची वाळलेली पानं) सरीत ठेवायचं, पहारीनं भोकं पाडून खत द्यायचं. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. पेटवलं तर त्यातलं बहुतेक नत्र धुरात जातं. कोल्हापूरचे शेतकरी-लेखक प्रताप चिपळूणकर यांनी खोडव्यापुरतं न थांबता विनानांगरणीचा आग्रह धरला: जुन्या पिकाची मुळं उपटायची नाहीत, जागेवरच कुजू द्यायची.

ओलाव्याचं गणितही इथंच आहे. कुजलेल्या मुळांच्या नळ्या आणि गांडुळांची बिळं न मोडल्यानं पाणी खोल उतरतं. पावसाचा थेंब मातीऐवजी पाचटावर फुटतो, त्यामुळे वर खपली धरत नाही, आणि उन्हात बाष्पीभवनही कमी होतं. कर्ब वाढला की माती भरपूर पाणी धरते, हे मात्र फार फुगवून सांगितलं जातं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार, कर्ब मातीच्या वजनाच्या १ टक्क्याइतका (किलोभर मातीत १० ग्रॅम) वाढला तर १०० मिमी जाडीच्या थरात पिकाला मिळणारं पाणी सरासरी १.१६ मिमीनं वाढतं. माझ्या मते ओलाव्याचा मोठा फायदा पाचटाचं आच्छादन आणि पाण्याच्या न मोडलेल्या वाटा यांचाच आहे.

म्हणून नुसता नांगर बंद करून भागत नाही. ‘नेचर’मध्ये २०१५ साली आलेल्या ६१० अभ्यासांच्या विश्लेषणात विनानांगरणीनं उत्पादन सरासरी ५.७ टक्के घटलेलं दिसलं. पिकाचे अवशेष रानात ठेवून फेरपालट केली, तिथं घट २.५ टक्क्यांवर आली. कोरड्या हवामानातल्या जिरायतीत तर याच पद्धतीनं उत्पादन ७.३ टक्के वाढलं. पहिली काही वर्षं तण त्रास देतं, माती घट्ट लागते. कर्ब वाढतो तोही मुख्यतः वरच्या थरात. खोलवरच्या मातीत फारसा फरक पडेलच असं नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातच, गगनबावड्याच्या डोंगरउतारावर माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठीसुद्धा हे करावं. शिरोळच्या पाणथळ, क्षारपड काळ्या रानात मात्र आधी निचरा काढायला हवा. जिथं मुळांशी पाणी तुंबलंय, तिथं पाचटानं ओल आणखी टिकेल आणि उसाची मुळं गुदमरतील.