कंपनीला विरोध केला की नोकऱ्या बुडतात?

सांगलीत विश्रामबागच्या कॉलेज परिसरात प्लेसमेंटचा हंगाम आला की वडीलधारी मंडळी मुलांना बजावतात, 'कंपनीविरोधातल्या निवेदनावर सही करू नकोस. कंपन्या यायच्या बंद होतात आणि पोलीस पडताळणीत नाव अडकतं.' दोन्ही गोष्टी जशा सांगितल्या जातात तशा खऱ्या नाहीत.

2007 मध्ये मुंबई आयआयटीत डाऊ केमिकल भरतीसाठी येणार होती. भोपाळ वायुदुर्घटना 1984 ची. तेव्हा कारखाना युनियन कार्बाइडचा होता. डाऊने ती कंपनी 2001 मध्ये विकत घेतली, पण पीडितांची जबाबदारी नाकारली. विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापकांनी विरोध केला आणि डाऊची भेट रद्द झाली. इतर कंपन्या मात्र येतच राहिल्या, आजही येतात.

किंमत कधीच मोजावी लागत नाही, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात 1967 मध्ये नापाम (बॉम्बमध्ये वापरलं जाणारं, अंगाला चिकटून जळणारं रसायन) बनवणाऱ्या याच डाऊच्या भरतीला विरोध करणाऱ्या मुलांवर पोलिसांनी लाठ्या चालवल्या होत्या.

राहिली पडताळणी. त्यात नोंदवलेले गुन्हे पाहतात. प्राचार्यांना निवेदन देणं हा गुन्हाच नाही. जमावबंदी असताना रस्त्यावर उतरलात तर गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, म्हणून मोर्चाआधी पोलीस ठाण्यात परवानगीचा अर्ज द्या, पोच घ्या आणि परवानगी मिळाल्यावरच निघा; नुसती पोच म्हणजे परवानगी नव्हे. अशी पोच मुलांनी जरूर जपून ठेवावी. पण निवेदनावर सही करायला कुणीही घाबरू नये, असं मला मनापासून वाटतं.