मांजर, पाय आणि एक छोटी रेघ

प्राचीन इजिप्तची चित्रलिपी शिकवताना मुलांच्या हाती बहुतेक वेळा एक तक्ता दिला जातो: या अक्षराला घुबड, त्या अक्षराला पाण्याची लाट, लिहा आपलं नाव. मुलं रमतात, पण ही लिपी म्हणजे चित्रांची एबीसीडी, असा चुकीचा समज डोक्यात पक्का बसतो. खरी गंमत पुढेच आहे आणि आठ-दहा वर्षांच्या मुलांना ती छान समजते.

सुरुवात मांजरापासून करावी. इजिप्शियन भाषेत मांजराला साधारण ‘मिऊ’ म्हणत. आपल्याकडची माऊ मुलांना लगेच आठवेल. हा शब्द लिहिताना आधी उच्चार दाखवणारी चिन्हं येतात आणि शेवटी चक्क बसलेलं मांजर. त्या मांजराचा उच्चार करायचा नसतो. आधीच्या शब्दाचा अर्थ कोणत्या गटातला, एवढंच ते सांगतं.

मग घर. घराचा आराखडा काढून खाली एक छोटी उभी रेघ दिली, की अर्थ ‘घर’. त्याच आराखड्यापुढे तोंडाचं चिन्ह आणि चालणारे पाय आले, की अर्थ ‘बाहेर जाणे’. घराच्या शब्दात ‘प’ आणि ‘र’ ही व्यंजनं आहेत, तीच ‘बाहेर जाण्या’च्या शब्दातही आहेत. म्हणून घराचं चित्र तिथे केवळ आवाजासाठी उसनं घेतलं.

अशा खुणा लागतात, कारण या लिपीत स्वर लिहीत नसत. मराठी मुलांना हे पटवणं सोपं आहे. घुबड म्हणजे ‘म’, लाट म्हणजे ‘न’. आता मन, मीना, मुनी हे तिन्ही शब्द घुबड-लाट असेच लिहिले जातील! वेगळे कसे ओळखायचे? मीनाच्या शेवटी बसलेली बाई, मुनीच्या शेवटी बसलेला पुरुष. आणि मन? तिथे हृदय काढावं, कारण विचार हृदयात चालतो असं इजिप्शियन लोक मानत. माझ्या मते हा एक खेळ नावांच्या दहा तक्त्यांहून जास्त शिकवतो.

वाचायची दिशाही चित्रंच सांगतात. पक्ष्यांची आणि माणसांची तोंडं ज्या बाजूला, तिथून वाचायला सुरुवात करायची.

थोड्या मोठ्या मुलांना ही लिपी उलगडणाऱ्या शांपोलियाँ या फ्रेंच अभ्यासकाची 1822 सालची गोष्ट जरूर सांगावी. लंबगोल चौकटीत राजांची नावं असतात, हे तोवर लक्षात आलं होतं. एका चौकटीत त्याला सूर्याची तबकडी, मग एक अनोळखी चिन्ह आणि शेवटी दोनदा ‘स’ दिसला. इजिप्तच्या ख्रिश्चनांची कॉप्टिक भाषा त्याला येत होती आणि तिच्यात सूर्याला ‘रे’ म्हणतात. रे... स, स. रामसेस! त्याच अनोळखी चिन्हाने थुतमोस हे दुसऱ्या एका राजाचं नावही उलगडलं. फळ्यावर चौकट काढून हे कोडं मुलांनाच सोडवू द्यावं.

प्राचीन इजिप्तमधल्या मुलांनाही हे सोपं जात नसे. लेखनिक होणारी मुलं आधी हिएरॅटिक ही झरझर लिहायची लिपी शिकत. दगडांच्या कपच्यांवर आणि मडक्यांच्या खापरांवर धडे गिरवत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सुमारे 3,800 वर्षांपूर्वीची अशीच एक लाकडी पाटी आहे. तिच्यावर विद्यार्थ्याने काळ्या शाईने पत्राचा नमुना लिहिला आहे आणि शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दुरुस्त केल्या आहेत.