दाखला नाही, म्हणून शाळा नाही?

दिवाळीच्या सुमारास बीडकडचे कोयते, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात उतरतात, आणि फडावर एक समज हमखास ऐकू येतो: जन्माचा दाखला, आधार आणि जुन्या शाळेचा दाखला हातात नसेल तर पोराला शाळेत घेत नाहीत.

हे खरं नाही. 1 एप्रिल 2010 पासून लागू असलेला शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांबद्दल स्पष्ट आहे. वयाचा पुरावा नसल्यामुळे प्रवेश नाकारता येत नाही. अंगणवाडीची नोंद किंवा आईवडिलांचं लेखी निवेदनही चालतं. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी सरकारी किंवा अनुदानित शाळेला मूल थांबवून ठेवता येत नाही. शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती तर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2018 मध्येच अमान्य केली.

मग समज का टिकतो? कारण टेबलापलीकडून ‘कागद आणा’ एवढंच म्हटलं जातं, आणि दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा कोण येणार!

शाळा कधीच न पाहिलेल्या दहा वर्षांच्या मुलीलाही पहिलीत बसवायचं नसतं. वयानुरूप वर्गात घेऊन मागे राहिलेला अभ्यास वेगळा शिकवायचा, हेही त्याच कायद्यात आहे.