कानातला बिल्ला आणि त्यामागची नोंद

तापलेल्या लोखंडाने जनावराला डागले की कातडी खोलवर भाजते, तिथल्या केसांची मुळे मरतात आणि डागाच्या आकाराचा बिनकेसांचा व्रण जन्मभर राहतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडील अनेक राज्यांत अशा डागांची सरकारी नोंदणी आजही होते. नोंद करताना चिन्हाबरोबर ते जनावराच्या कोणत्या अंगावर आहे हेही लिहावे लागते, कारण डाव्या पुठ्ठ्यावरचे आणि उजव्या खांद्यावरचे एकच चिन्ह दोन वेगळ्या मालकांचे असू शकते.

वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील कीथ फॅरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ साली गोठवून खूण करण्याची पद्धत मांडली. द्रव नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसला, थंड केलेला धातूचा ठसा कातडीवर काही सेकंद दाबला की केसांना रंग देणाऱ्या पेशी मरतात, मुळे मात्र जगतात, आणि पुढे तिथे पांढरे केस उगवतात. काळ्याभोर पंढरपुरी म्हशीवर ही खूण लांबूनही वाचता येईल. पांढऱ्या खिलार बैलावर ती दिसणारच नाही, तिथे केसांची मुळेही मरेपर्यंत ठसा अधिक वेळ दाबून ठेवावा लागेल.

तरीही डाग बहुधा कळपाचा मालक कोण एवढेच सांगतो. या गाईला कोणती लस कधी दिली, ती कोणत्या गावातून आली, हे कळायचे तर प्रत्येक जनावराला स्वतंत्र क्रमांक हवा. भारतात कानात बसवल्या जाणाऱ्या पिवळ्या बिल्ल्यावर असा १२ अंकी क्रमांक असतो आणि जनावराची जात, वय, मालक, लसीकरण यांची माहिती त्या क्रमांकाखाली संगणकावर नोंदवली जाते. महाराष्ट्रात १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीस मनाई करण्यात आली. शेतकऱ्याला ही सक्ती जाचक वाटणे स्वाभाविक आहे, पण माझ्या मते ती आवश्यक होती.

याचे कारण लाळ्या-खुरकूतसारख्या रोगाच्या स्वभावात आहे. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण दोन ते चौदा दिवस जातात, आणि तोंडाला फोड दिसण्याआधीच जनावर विषाणू बाहेर टाकू लागू शकते. तेवढ्या काळात ते बाजारात विकले जाऊन दुसऱ्या जिल्ह्यातील गोठ्यात पोहोचलेले असते. बाजारात त्याच्या शेजारी कोणती जनावरे बांधली होती आणि ती पुढे कुठे गेली, हे नोंदीतून समजले तरच पशुवैद्यकांना नेमक्या गोठ्यांपर्यंत वेळेत पोहोचता येते.

म्हणून जनावर विकल्यावर नव्या मालकाचे नाव चढवणे आणि ते मेल्यावर तशी नोंद करणे हे बिल्ला मारण्याइतकेच निकडीचे काम आहे. कान फाटून बिल्ला पडला, तर पशुवैद्यकीय दवाखान्यात नवा बसवून घेताना जुना क्रमांक आवर्जून सांगावा. तो नव्या क्रमांकाशी जोडला गेला नाही, तर त्या जनावराच्या आधीच्या सगळ्या लसी आणि वेतांची माहिती जुन्या क्रमांकाखालीच अडकून राहते.