दमून सुटलेला आणि ओढून सुटलेला

जुलैत नाशकातल्या रविवारच्या राइड पावसात वाहून जातात आणि आम्ही सगळे टूर दी फ्रान्सचे, म्हणजे फ्रान्समधल्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचे, जाणकार होतो. संध्याकाळी फोनवर घाटाचा टप्पा चालू असतो, कोणीतरी टोळक्यातून मागे पडतो आणि ग्रुपवर मेसेज येतो, "संपला हा. फॉर्म गेला." बरेचदा त्या बिचाऱ्याचा फॉर्म झकास असतो. त्याचं त्या दिवशीचं काम संपलेलं असतं, एवढंच.

दमणं म्हणजे काय ते कसारा घाट सायकलने चढलेल्या माणसाला मी सांगायची गरज नाही. पाय भरून येतात, पुढचं चाक आधी हातभर लांब जातं, मग दिसेनासं होतं. घोळ इथे नाहीच. घोळ आहे 'टीम' या शब्दात.

2015 साली आपल्या महाजन बंधूंनी रॅम, म्हणजे अमेरिका आरपार ओलांडणारी सायकल शर्यत, पूर्ण केली, तेव्हापासून टीम म्हटलं की नाशिककराच्या डोळ्यांपुढे तीच येते: दोघांची जोडी, एकजण चालवतो तेव्हा दुसरा विश्रांती घेतो, आणि दोघांचं प्रत्येक किलोमीटर एकाच हिशेबात जमा होतं. टूरमध्ये तसं नसतं. टीममधले आठही जण रोज पूर्ण अंतर चालवतात, प्रत्येकाची वेळ वेगळी मोजली जाते आणि सगळ्या टप्प्यांची मिळून सर्वात कमी वेळ ज्याची, त्या एकालाच पिवळी जर्सी मिळते. टीमने ज्याच्यासाठी राबायचं तो लीडर. उरलेल्या सातांची वेळ बहुधा कोणी विचारत नाही. त्यांना 'डोमेस्टिक' म्हणतात, म्हणजे चक्क घरगडी. बाटल्या आणणं, लीडरच्या पुढे राहून त्याच्यासाठी वारा कापणं, लीडरचं चाक पंक्चर झालं तर आपलं काढून देणं, आणि घाटात पुढे राहून ओढणं.

आता नीट बघा, कारण सगळी मेख इथेच आहे. माणूस टोळक्याच्या शेपटाकडून सुटला की डोक्याकडून?

फॉर्म गेलेला नेहमी शेपटाकडून सुटतो. आधी तो घसरत घसरत शेवटच्या चाकावर येतो. खांदे डुलायला लागतात, मग सायकलभर अंतर पडतं, तो उभा राहून ते भरतो, पुन्हा पडतं. काम संपवलेला डोक्याकडून सुटतो. पाच-दहा मिनिटं सगळ्यांच्या पुढे तोंड उघडं टाकून ओढत असतो आणि एका क्षणी बाजूला होतो. सगळं टोळकं त्याला ओलांडून जातं. तो सरळ बसतो, बाटली तोंडाला लावतो आणि मागच्यांबरोबर रमतगमत वर येतो. टप्प्याची ठरलेली वेळमर्यादा पाळली की झालं. दुसऱ्या दिवशी तक्त्यात त्याच्यापुढे 'वीस मिनिटं मागे' दिसतं आणि आमचे पंडित हळहळतात. पालखीच्या भोयाने खांदा बदलला तर त्याला कोणी दमला म्हणतं का?

चढावर वेग कमी, मग मागे राहून वारा कितीसा वाचणार, असा प्रश्न येतो. सपाटीपेक्षा कमी वाचतो, खरं आहे. पण पुढचा इतक्या जोरात ओढत असतो की प्रतिस्पर्ध्याला हल्ला करायला दमच उरत नाही.

2022 च्या टूरचा अकरावा टप्पा घ्या. गालिबिए घाट 2642 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर आणखी हजारेक मीटर रचा. तिथे जम्बो-विस्मा टीमचे रोग्लिच आणि विंगेगार्ड तेव्हा पिवळी जर्सी अंगावर असलेल्या पोगाचारवर आळीपाळीने हल्ले करत होते. दोघांपैकी कोणालाही सोडणं परवडत नसल्याने पोगाचार दरवेळी स्वतः मागे धावला. पुढच्या कोल दु ग्रानों घाटावर तो कोसळला आणि पावणेतीन मिनिटांहून जास्त गमावून बसला. रोग्लिच त्याच्याही किती तरी मागून आला. आधीच्या पडण्यात त्याचा खांदा निखळला होता, तो धडधाकट नव्हताच. तरी ती पिवळी जर्सी विंगेगार्डच्या अंगावर चढवण्यात त्याचा मोठा हात होता, हे तक्त्यात कुठेच दिसत नाही.

खरा फॉर्म गेलेला बघायचाय? 2023 ची टूर, कोल द ला लोझ घाट. तोच पोगाचार टीमच्या रेडिओवर म्हणाला, मी संपलो, आणि पावणेसहा मिनिटं हरला. एप्रिलमध्ये मनगट मोडून सरावाचे आठवडे बुडाले होते. तिथे डावपेच शोधत बसू नये.

उलटही होतं. 2012 मध्ये ला तुसुईरच्या चढावर क्रिस फ्रूम आपल्याच लीडरला, विगिन्सला, मागे टाकून निघाला आणि रेडिओवर बोलावणं येताच थांबला. मागे आलेला असला तरी पायांत जोर त्याच्याकडेच जास्त होता, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या वर्षी टूर त्यानेच जिंकली.

माझं डोकं खरं फिरवलं ते जम्बो-विस्माच्याच सेप कसने. 2023 मध्ये जिरो (इटलीची तशीच शर्यत) आणि टूर दोन्हींत घरगडी म्हणून राबून हा व्हुएल्टात, म्हणजे स्पेनच्या शर्यतीत, लाल जर्सी (तिथली पिवळी) घालून बसला. आंग्लिरूच्या भिंतीसारख्या चढावर तो शेपटाकडून सुटला, म्हणजे खरोखर दमून, आणि पुढे निघून गेले ते त्याच्याच टीमचे रोग्लिच आणि विंगेगार्ड. आघाडी उरली 8 सेकंदांची. त्यानंतर त्या दोघांनी हल्ला केला नाही. शेवटी माद्रिदला कस 17 सेकंदांनी पहिला, विंगेगार्ड दुसरा, रोग्लिच तिसरा. आमच्या ग्रुपवर त्या रात्री मेसेज आला, "कसचा फॉर्म बघा, दोघांनाही पुरून उरला!"